डाव्या हाताचे सर

आमच्या मैदानावर कराटे शिकलेली सगळी पोरं ठोसा डाव्या हाताने मारतात. जेवतात उजव्याने, लिहितात उजव्याने, पण मारायचं म्हटलं की डावा हात पुढे. याला कारण आमचे सर. ते जे काही दाखवायचे ते डाव्या हाताने, आणि आम्ही बघून बघून तसंच शिकलो. त्यांचा उजवा हात कायम पँटच्या खिशात. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तो हात कंपनीत कामाला गेलाय, अजून सुटी झाली नाही." आणि पुढे एक अक्षर नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते डाव्या हातात चमचा धरून जेवायचे, आणि बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

सर गेले त्याला वर्ष होत आलं. आता दर रविवारी मी आणि माझी मैत्रीण रेहाना तिथे पोरांना शिकवतो. परवा एका पोराच्या आईने मला विचारलं, "ताई, तुमची सगळी पोरं डावखुरी कशी काय?" मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. सांगायला हवं होतं, असं वाटत राहिलं.

मैदान म्हणायची आपली आमची हौस. अंबडच्या कंपन्यांच्या मागे आमची वस्ती, वस्तीच्या मागे पाण्याची टाकी, आणि टाकीखाली जी मोकळी जागा उरली ते आमचं मैदान. टाकी गळायची, त्यामुळे एका कोपऱ्यात बारा महिने चिखल. येणारी पोरं म्हणजे कुणाची आई धुणीभांडी करणारी, कुणाचा बाप हमाल, कुणाचा बाप असून नसल्यासारखा. सर कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे नामपूरकडचे. अंगात पांढरा सदरा, खाली कंपनीची जुनी खाकी पँट, पायात काही नाही. कराटे ते शिकले होते कंपनीच्या गेटवरच्या एका नेपाळी वॉचमनकडून, जेवणाच्या सुटीत. पट्टा नाही, सर्टिफिकेट नाही, काही नाही.

आणि फी? फी म्हणून रोज एक जुना पेपर आणायचा.

हे ऐकायला सोपं वाटतं. आमच्यापैकी कुणाच्याही घरी पेपर येत नव्हता. म्हणजे सिडकोतल्या कॉलनीत जायचं, अनोळखी दाराची बेल वाजवायची आणि तोंड उघडून म्हणायचं, "काकू, जुना पेपर द्याल का?" काही जणी द्यायच्या, काही जणी जाळीच्या दाराआडूनच हाकलायच्या. मी पहिल्या आठवड्यात एका दाराची बेल वाजवून चक्क पळून आले होते. सरांना सांगितलं, पेपर मिळाला नाही. ते म्हणाले, "मिळाला नाही की मागितला नाही?" मी चिखलाकडे बघायला लागले. "जा मग परत. मी थांबतो." आणि खरंच थांबले हो. बाकीची पोरं घरी गेली तरी हा माणूस टाकीच्या खांबाला टेकून माझी वाट बघत उभा. मला इतका राग आला होता!

त्या पेपरचं काय करायचं, तर त्याच्यावर ठोसे मारायचे. ठोसे मारायचं पोतंबितं नव्हतंच आमच्याकडे. दोन पोरांनी पान दोन्ही बाजूंनी ताणून धरायचं, तिसऱ्याने मारायचं. हात हळू गेला की कागद नुसता वाकतो. सपकन गेला तरच फाटतो. पण पान धरायच्या आधी सर ते निरखून बघायचे. त्यावर माणसाचा फोटो असला की घडी घालून बाजूला. "माणसाच्या तोंडावर मारायचं नाही. कागदावर मारायचं." आता पेपरात फोटो नसलेलं पान सापडणार कुठे? दहा-दहा मिनिटं यात जायची. जाहीर नोटिशींचं पान हाती लागलं की सरांचा चेहरा खुलायचा. ते पान ते स्वतःच्या हाताने सरळ करून द्यायचे आणि म्हणायचे, "हां, याच्यावर मार."

दुसऱ्या क्लासची पोरं मारताना 'हा', 'हू' असं काही ओरडतात. आमच्याकडे ओरडायचं 'नाही'. पोटातून. पन्नास पोरं एका सुरात "नाही! नाही!" करायला लागली की वस्तीतली कुत्री भुंकायची. वस्तीने सरांचं नावच ठेवलं होतं, नाय-नाय मास्तर. गंमत म्हणजे ते स्वतः कधी ओरडायचे नाहीत. शांत आवाजात एक, दोन, तीन मोजायचे, गुपचूप हात दाखवायचे, बास. आणि शेवटचा नियम असा की ज्याने कागद फाडला त्यानेच तुकडे उचलायचे. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

मला तिथे रेहानाने ओढून नेलं. तिचे अब्बा शिलाईकाम करायचे, आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. मी आठवीत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. त्याला तसं कारण होतं. आम्ही राहायचो ती खोली भाड्याची, आणि घरमालकिणीला पोरांचा आवाज खपायचा नाही. आई सकाळपासून एकच सांगायची, "हळू बोल." मग मी शाळेतही हळू, दुकानातही हळू, हजेरीलाही हळू. बाई माझी गैरहजेरी लावायच्या आणि मी हजर असायचे.

पहिल्या दिवशी सर मैदानाच्या त्या टोकाला, टाकीपलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून विचारलं, "तुनं नाव काय शे?" रागावले किंवा खुशीत असले की ते गावाकडचं, अहिराणी बोलायचे. मी नाव सांगितलं. "ऐकू आलं नाही." परत सांगितलं. "ऐकू आलं नाही. उद्या ये." असे अकरा दिवस. अकरा दिवस मला ना हात शिकवला ना पाय. बाकीची पोरं ठोसे मारतायत आणि मी एका कोपऱ्यात, चिखलाजवळ उभी. बाराव्या दिवशी मी ठरवलं की आजचा शेवटचा दिवस, उद्यापासून येणार नाही, खड्ड्यात गेले सर. आणि त्या रागात मी नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं ओरडले. टाकीखाली ते घुमलं. सर लांबून चालत आले. "हां. आता आलं ऐकू. उभी राहा रांगेत." त्या दिवशी मी घरी जाऊन का रडले ते आईला सांगता आलं नाही. आजही नीटसं सांगता येत नाही. पण आपलं नाव इतकं मोठं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक होतं, ते वाकणं. मारायच्या आधी समोरच्याला वाकून मान द्यायची, मग तो कुणी का असेना. हे आमच्या इतकं अंगात भिनलं की काय सांगू. एकदा रिक्षा स्टँडवर एक टपोरी रेहानाच्या ओढणीला हात घालायला पुढे आला. ही पोरगी दोन पावलं मागे झाली, ताठ उभी राहिली आणि त्याला आधी कमरेत वाकली! सगळा स्टँड हसायला लागला. तोही हसत सुटला. मग हिने त्याच्या छातीवर डावा हात असा ठेवून दिला की तो खाली बसला. तरी रेहाना रडतच मैदानावर आली. "सर, सगळे हसले मला. वाकले मी त्याला, वेड्यासारखी."

सर म्हणाले, "मग चांगलं केलं की. वाकलीस म्हणजे मारायचं का नाही ते तू ठरवलंस. नाहीतर राग ठरवतो, नाहीतर भीती ठरवते." आणि त्या दिवशी जाहीर नोटिशीचं पान रेहानाला मिळालं.

एकदाच आम्ही स्पर्धेला गेलो. सगळीच्या सगळी पोरं डावा हात पुढे करून उभी राहिली तेव्हा पंच एकमेकांकडे बघायला लागले. एकाने सरांना विचारलं, "तुम्ही यांना उजवा हात शिकवलाच नाही का?" सर म्हणाले, "मला येत नाही." आम्ही सगळे हरलो. परत येताना सिटीबसमध्ये पोरं तिकिटं चुरगाळत बसली. मला तर लाज वाटली होती त्यांची. खरं ते सांगते, वाटली होती.

उजव्या हाताचं मोठ्या माणसांना माहीत होतं. पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली दोन बोटं गेली होती, पहिलं आणि मधलं, अगदी मुळापासून. तीन महिन्यांनी कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. हे मला आईने सांगितलं. पण सरांच्या एका खोडीचा अर्थ आईलाही लागत नव्हता. सर सही करत नसत. कुरिअरवाला आला तरी म्हणायचे, "नाव लिहून घे, सही मिळणार नाही." बँक, रेशन, सगळीकडे काकू सही करायच्या. काकू म्हणजे सरांची बायको. स्वतःच्या पेन्शनचा फॉर्म त्यांनी कितीतरी दिवस टेबलावर नुसता ठेवला होता, शेवटी काकूंनी पाया पडून अंगठा घेतला म्हणे. आणि आमच्यावर मात्र सक्ती! शाळेचा दाखला असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तो मैदानावर आणायचा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचा. "न वाचता सही केलीस तर इथे पाऊल टाकायचं नाही." आम्हाला वाटायचं, म्हातारा सटकलाय.

पुढे मी आयटीआय केलं आणि अंबडमध्येच एका कंपनीत कंत्राटावर लागले. नाव कशाला घेऊ, छोटी कंपनी, प्रेसवर पत्र्याचे भाग बनायचे. मी तपासणीला. माझ्या समोरच्या प्रेसवर मंगलताई होती. येवल्याची, माहेरी पैठणीचा माग, लहानपणापासून रेशमाचे धागे सांधलेले हात. डब्यातली चटणी पहिली मला द्यायची. मला म्हणायची, "तू लय मोठ्याने बोलते बाई, पन बोल, मला ऐकायला आवडतं."

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आत राहायला नको. त्या दिवशी माल लवकर पाठवायचा होता. सकाळी सुपरवायझर आला आणि त्याने एक बटण चिकटपट्टीने दाबून बांधून टाकलं, म्हणजे एका हाताने काम पटापट होईल. मी समोर उभी होते. मी बघितलं. बोलले नाही. हे मला लिहायलाच हवं, मी तेव्हा बोलले नाही.

अकरा वाजता मंगलताईची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. आत मोठे साहेब आणि सुपरवायझर. टेबलावर टाईप केलेला कागद. साहेब अगदी गोड बोलले. "बस ना. फक्त साक्षीदार म्हणून खाली सही करायची आहे. तू समोर होतीस ना? तुझं कंत्राटपण या महिन्यात संपतंय, ते बघू आपण." आईचे गुडघे तेव्हा पार गेले होते, तिची कामं सुटली होती. घरात कमावणारी मी एकटी. हे त्यांनाही ठाऊक होतं. आणि या सहीवर मंगलताईला काही भरपाई मिळणार की नाही ते ठरणार होतं, हे मला ठाऊक होतं.

मी बसले नाही. कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. साहेब म्हणाले, "अगं मनात वाच." मी म्हटलं, "मला अशीच सवय आहे साहेब." चौथ्या ओळीत होतं की ऑपरेटरने स्वतःच्या जबाबदारीवर बटण बांधून ठेवले होते. ते वाचताना सुपरवायझर खिडकीबाहेर बघत होता. वाचून झालं. मी कागद टेबलावर ठेवला, ताठ उभी राहिले आणि साहेबांना कमरेत वाकले.

साहेबांना वाटलं, पोरगी तयार झाली. त्यांचा चेहरा सैल पडला. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "शाब्बास. शहाणी आहेस."

"नाही," मी म्हटलं.

म्हटलं कसलं, ते पोटातून आलं. केबिन काचेची होती. बाहेर हजेरीच्या मशीनजवळ उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी म्हटलं, "बटण यांनी बांधलं. मी बघितलं. तसं लिहा, मी सही करते." तसं कुणी लिहिलं नाही. महिनाअखेर माझं कंत्राट संपलं. चौकशीला सरकारी माणूस आला तेव्हा मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, मी तेव्हा गप्प राहिले होते हेसुद्धा लिहिलं, आणि सगळं वाचून खाली सही केली. मंगलताईला तिच्या हक्काचं मिळालं. वेळ लागला, पण मिळालं. मलाही दुसरीकडे काम लागलं.

पण केबिनमधून निघाले त्या संध्याकाळी मी घरी न जाता सरांकडे गेले. आईला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. सर तेव्हा दम्याने थकले होते, खाटेवर बसून होते. काकूंनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. सर एकेक विचारत गेले.

"वाचलंस?"

"मोठ्याने."

"वाकलीस?"

"वाकले. तर साहेबांना वाटलं मी तयार झाले. त्यांनी पेन पुढे केलं."

सर हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग एकदम थांबले.

"मलापन पेन पुढे केलं होतं," ते म्हणाले. "मी घेतलं."

काकू चहा गाळता गाळता थांबल्या. सरांनी त्यांना खूण केली. काकूंनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची एक पिशवी काढली आणि तिच्यातून घडीवर पिवळा पडलेला एक कागद, कंपनीने त्यांना दिलेली कार्बन कॉपी. मी वाचला. मोठ्यानेच वाचला. माझ्याच निष्काळजीपणामुळे अपघात घडला असून त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. खाली सही होती. पहिलीतल्या पोराने काढावी तशी वेडीवाकडी.

"प्रेसची हात वाचवणारी जाळी त्यांनीच काढून ठेवली होती," सर म्हणाले. "मला म्हाईत होतं, सगळ्यांना म्हाईत होतं. दवाखान्यात आले कागद घेऊन. म्हणाले, सही कर, नोकरी ऱ्हाईल. उजव्या हाताला तर हे एवढं बँडेज. मी म्हटलं, साहेब, हात नाही. ते म्हणाले, डावा आहे ना." त्यांनी डावा हात मांडीवर उलटा-सुलटा करून बघितला. "न वाचता केली. या हाताने. म्हणून मग यालाच शिकवत बसलो."

इतकी वर्षं आम्ही पन्नास-पन्नास पोरं त्या टाकीखाली कुणाच्या हातासाठी ओरडत होतो ते मला तेव्हा कळलं. स्पर्धेहून येताना मला या माणसाची लाज वाटली होती. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले.

"ऊठ. आठे ये, इकडे. धर हा कागद." मग काकूंकडे बघून, "तू बी धर त्या बाजूने."

काकू म्हणाल्या, "अहो, राहू द्या आता. श्वास लागतो तुम्हाला."

"धर म्हणतो ना."

आम्ही दोघींनी कागद ताणून धरला. त्यावर कुणाचा फोटो नव्हता. सर खाटेवरून उठले, पाय रोवून उभे राहिले. आधी कागदाला कमरेत वाकले. सवयीने डावा हात पुढे आला. तो त्यांनी जरा वेळ तसाच धरला, मग खाली घेतला.

"याचं खूप झालं," ते म्हणाले, आणि उजवा हात खिशातून बाहेर काढला.

मी तो हात पहिल्यांदा बघत होते. अंगठा, दोन बोटं, आणि मध्ये गुळगुळीत मोकळी जागा. त्यांनी त्याची जमेल तशी मूठ वळली. पहिल्या ठोशाला कागद नुसता वाकला. दुसऱ्यालाही. काकू आपलं टोक धरून रडत होत्या. तिसऱ्या वेळी सर ओरडले, "नाही!" त्यांचं ओरडणं मी कधी ऐकलंच नव्हतं. शेजारचं कुणीतरी दारात येऊन उभं राहिलं. आणि कागद मधोमध, सहीच्याही खालपर्यंत फाटला.

सर तिथेच जमिनीवर बसले. बराच वेळ धापा टाकत होते. जुन्या ठिसूळ कागदाचे तुकडे इकडेतिकडे पडले होते. मी उचलायला खाली वाकले तर त्यांनी मला हाताने अडवलं.

"हात लावू नको. कोनी फाडला?"

"तुम्ही, सर."

"मग झालं तर."

आणि ते त्या तीन बोटांनी एकेक तुकडा उचलायला लागले. बारीक तुकडे बोटांतून निसटत होते, ते परत धरत होते. काकू आणि मी बाजूला उभ्या राहून बघत होतो. आम्ही कुणीच मदत केली नाही. चहा गार झाला तरी त्यांचं उचलणं चालूच होतं.